माशीचा भाव

कवळीमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं, पण सव्वीस वर्षं लोकांचे दात बनवणाऱ्याला खरं नाव कुणी विचारत नाही. औषधाच्या दुकानाच्या वर त्यांची दोन खोल्यांची कार्यशाळा होती. गावातले तिन्ही दंतवैद्य रुग्णांच्या जबड्याचे ठसे त्यांच्याकडे पाठवत आणि मास्तर त्यावरून कवळ्या करत. रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला की मास्तर आधी दात ओळखत, मग माणूस.

त्यांना एकच छंद होता. ते माश्या बांधत. मासेमारीचा एक प्रकार असा असतो की गळाला गांडूळ न टोचता त्या बारीक गळावरच पिसं, केस आणि रेशमी दोरा गुंडाळून एक खोटा किडा तयार करतात. तो पाण्यावर टाकला की माशाला वाटतं, माशी पडली. मग तो तोंड उघडतो आणि फसतो. निदान फसावा, अशी अपेक्षा असते.

मास्तर अकरा वर्षं दर रविवारी नदीवर जात होते. अकरा वर्षांत त्यांना सतरा मासे लागले होते. हा आकडा त्यांच्या बायकोला पाठ होता, कारण मासा लागला की मास्तर घरी येऊन सांगत, आणि असे सांगायचे प्रसंग सतराच आले. लागलेला मासाही ते तिथल्या तिथे सोडून देत, त्यामुळे घरी पुरावा म्हणून ओले बूट तेवढे येत. रिकाम्या हाताने परतलं की मास्तर एकच निष्कर्ष काढत: माशी अजून हुबेहूब झालेली नाही. सोमवारपासून ते आणखी हुबेहूब माशी बांधायला बसत.

अशा माश्या चौदाशे झाल्या. त्या रिकाम्या दातांच्या डब्यांत ठेवलेल्या होत्या. कृत्रिम दात ज्या कप्प्याकप्प्यांच्या डब्यांतून येतात ते डबे माश्यांना अगदी मापाचे होते. वरच्या चिठ्ठ्या तशाच राहिल्या होत्या. ‘वरचे सुळे, फिकट पिवळा’ असं लिहिलेल्या डब्यात काळ्या पंखांच्या माश्या असत.

बायको पार्सल कचेरीत वजनाच्या खिडकीवर बसायची. तिने एका सुट्टीच्या दिवशी कचेरीतला काटा घरी आणून सगळा छंद तोलला. माश्यांचं वजन एकशे दहा ग्रॅम भरलं. डब्यांचं साडेनऊ किलो.

“अहो, घरात चौदाशे माश्या आहेत आणि मासा एक नाही,” ती म्हणाली. “मला हे कपाट पांघरुणांना हवंय. विका.”

“कोण घेणार?”

“घेणारा असतोच. आमच्याकडे लोक किल्ली नसलेली कुलपं पार्सल करतात.”

विकायचं म्हटल्यावर भाव ठरवणं आलं, आणि भाव ठरवायचा म्हटल्यावर ताईला बोलावणं आलं. मास्तरांची ही थोरली बहीण कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायची. पँट आखूड करायचे किती पडतील हे ती गिऱ्हाईकाचे बूट बघून सांगे. ती आली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, चष्मा लावला आणि एक माशी हातात न घेता लांबूनच पाहिली.

“किती ठरवलेस?”

“पंधरा.”

“कशावरून?”

मास्तरांनी कागद पुढे सरकवला. गळ, पिसं, दोरा, सगळं मिळून दहा. वर पाच.

“आणि तुझा वेळ?”

“वेळ कसला, छंद आहे.”

“एका माशीला किती लागतो?”

“पाऊण तास.”

“पाऊण तास कवळी घासलीस तर किती मिळतात?”

मास्तरांनी आकडा सांगितला. ताईने त्यात दहा मिळवले. “म्हणजे माशी पडली दोनशे दहाला.”

“ताई, गळाच्या दुकानात माशी बाराला मिळते.”

“मग तुझी पंधराला कोण घेईल? तीनने महाग. दोनशेला असती तर निदान थांबून बघितलं तरी असतं, की हिला काय सोनं लागलंय. ऐक माझं. स्वस्त विकलंस तर लोक मालात खोट शोधतात. महाग विकलंस तर स्वतःच्या अकलेत शोधतात.”

“चाळीस,” बायको ओट्याशी उभी राहून म्हणाली.

“चाळीस कशावरून?”

“मधला आहे. आणि मला अंधार पडायच्या आत कपाट पुसायचंय.”

भाव चाळीस ठरला. मास्तरांना तो फार वाटला, ताईला त्याची लाज वाटली, आणि बायकोला काहीच वाटलं नाही.

दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या वाहनतळावर बाजार भरायचा. मास्तरांना मधवाल्याच्या शेजारी जागा मिळाली. त्यांनी टेबलावर डबे मांडले आणि पाटी लावली: ‘हाताने बांधलेल्या माश्या. एक चाळीस.’ मधवाला पाटी वाचून म्हणाला, “मास्तर, मी इथे दिवसभर माश्या हाकलतो आणि तुम्ही विकायला आणल्यात?”

त्या दिवशी टेबलाशी सहा जण थांबले. एकाने त्या जिवंत आहेत का विचारलं. एकाने पाटी ‘एकशे चाळीस’ अशी वाचली आणि मान हलवत पुढे गेला. एक बाई मात्र खरोखरच रस घेऊन वाकल्या. मास्तरांना भरतं आलं. ज्या माशीची ती नक्कल होती ती नदीच्या तळाशी चिखलात दोन वर्षं कशी काढते, मग एके दिवशी वर येऊन तिला पंख कसे फुटतात आणि त्याच संध्याकाळी ती कशी मरते, हे त्यांनी वीस मिनिटं समजावून सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले. त्या काही न घेता गेल्या.

पहिल्या शनिवारी एकही माशी खपली नाही. मास्तर दिवसभर खऱ्या अर्थाने माश्या मारत बसले होते, असं बायको म्हणाली.

पुढच्या शनिवारी ताई स्वतः आली. तिने सगळे डबे टेबलाखाली ढकलले आणि बारा माश्या बाहेर ठेवल्या. पिशवीतून कोटाच्या अस्तराचा काळा तुकडा काढला, त्यावर त्या एकेक करून वीतभर अंतराने टोचल्या. पाटी उलटी केली आणि मागच्या बाजूला फक्त ‘नव्वद’ लिहिलं.

“नव्वद काय? नुसतं?”

“नुसतं. आणि तू बोलायचं नाहीस. कुणी काही विचारलं तर ‘हो’ म्हण.”

दुपारपर्यंत नऊ माश्या गेल्या. मास्तर प्रत्येक विक्रीला दचकत होते. एक वयस्कर बाई आल्या आणि म्हणाल्या, “नदीवर जाणाऱ्या माणसाला आवडेल अशी यातली कुठली?” मास्तर म्हणाले, “हो.” बाईंनी स्वतःच एक निवडली. उंच, ताठ पाठीचे एक निवृत्त न्यायाधीश आले, भिंग काढून उरलेल्या सगळ्या माश्या तपासल्या, चार घेतल्या. निघताना त्यांनी विचारलं, “आपण स्वतः बांधता?” मास्तर म्हणाले, “हो,” आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

महिनाभरात एकतीस माश्या विकल्या गेल्या. मास्तर जरा शेफारले. घरी ते ‘माझा माल’ असं म्हणू लागले. कवळी घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं की तुम्हाला काय वाटतं, माशीला एकशे दहा जास्त होतील का? म्हाताऱ्याच्या तोंडात त्या वेळी दात नव्हते, त्यामुळे त्याचं मत कळलं नाही.

पाचव्या आठवड्यात न्यायाधीश थेट कार्यशाळेत आले. त्यांनी टोपी काढली, स्टुलावर बसले आणि टेबलावर एक पाकीट ठेवलं. पाकिटातून निघाले दोन उघडे गळ, थोडी पिसं आणि सुटलेला दोरा.

“या तुमच्या माश्या,” ते म्हणाले. “सकाळी सात दहाला पहिली पाण्यात टाकली. अर्ध्या तासात ती अशी विवस्त्र झाली. दुसरीचंही तेच. मला पैसे परत नकोत. मला कारण हवंय. माशी नेमकी कुठे शिंकली, ते पाहू.”

मास्तरांनी दिवा खाली ओढला. भिंगातून पाहिलं. शेवटची गाठ उलगडली होती.

“गाठीवर तुम्ही काय लावता?” न्यायाधीशांनी विचारलं.

मास्तरांनी फळीवरच्या डब्याकडे बोट केलं. “ते. साच्याला आतून लावायचं असतं. वाळलं की काचेसारखं चमकतं.”

“साच्याला कशासाठी लावतात?”

“कवळी साच्याला चिकटू नये म्हणून.”

“म्हणजे हे चिकटू न देण्याचं द्रव्य आहे.”

“हो.”

“आणि तुम्ही ते गाठ चिकटून राहावी म्हणून लावलंत.”

“चमकतं फार छान,” मास्तर म्हणाले.

न्यायाधीशांनी जबाब नोंदवून घेतल्यासारखी मान हलवली. मग त्यांनी ग्लासभर पाणी मागितलं आणि उरलेल्या दोन माश्यांपैकी एक त्यात सोडली. दोघे बघत बसले. पंचवीस मिनिटांनी माशीने आधी पंख सोडले, मग शेपूट. दोरा पाण्यात सावकाश गोल गोल फिरत उलगडला.

“अकरा वर्षांत हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही?”

“माझी कधी सुटली नाही.”

“एक माशी पाण्यात किती वेळ ठेवता?”

“दहा मिनिटं. मासा लागला नाही की बदलतो. पुढची जास्त चांगली असते.”

“मासे किती लागले आजवर?”

“सतरा.”

“या वर्षी?”

“सगळे मिळून.”

न्यायाधीश खिडकीबाहेर पाहू लागले. समोर विजेच्या तारेशिवाय काही नव्हतं.

“आता मी सांगतो ते नीट ऐका,” ते म्हणाले. “तुमच्या माशीला पहिल्याच फेकीत मासा आला. दुसऱ्या माशीलाही आला. चाळीस वर्षं मी त्या नदीवर जातो, माझ्यावर तिथल्या माशांनी असा विश्वास कधी ठेवला नाही. तुमची माशी उत्तम आहे, मास्तर. फक्त ती सुटते.”

“मग मला मासे का लागत नाहीत?”

“कारण माशी नाही, एवढं सिद्ध झालंय. आता आरोपी एकच उरतो.”

ते जाईपर्यंत ठशात ओतायला कालवलेलं प्लास्टर भांड्यातच दगड झालं होतं. अकरा वर्षं ते माशीला दोष देत आले होते. प्रत्येक रविवारी एका चांगल्या माशीवर अविश्वास दाखवून त्यांनी दुसरी बांधायला घेतली होती. आणि जो खरा दोष होता, तो काढायला बाहेरचा माणूस भिंग घेऊन यावा लागला.

संध्याकाळी त्यांनी घरी जाहीर केलं की विकलेल्या सगळ्या माश्या परत घ्यायच्या. ताईला कळलं तशी ती धावत आली.

“कुणी तक्रार केली?”

“एकाने.”

“मग बाकीच्यांना कशाला उठवतोस? झोपलेलं गिऱ्हाईक झोपू द्यावं.”

“कवळी सैल निघाली तर मी परत घेतोच ना?”

“माणूस ओरडतो म्हणून घेतोस.”

“तो कसला ओरडतो, ताई? कवळी माझ्या हातात असते.”

यावर ताई चहा न घेताच गेली.

बायकोने आपली बिनरंगी नखपॉलिश आणून टेबलावर ठेवली. “ही भांडी घासून घासूनही नखावरून आठ दिवस जात नाही,” ती म्हणाली. मास्तरांनी गाठ बदलली, वर पॉलिश लावली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत सहा ग्लास भरून प्रत्येकात एक माशी सोडली. तीन दिवस त्या पाण्यात होत्या. तिसऱ्या दिवशी बायकोने पाणी समजून त्यातला एक उचलला आणि ओठांपर्यंत नेला. माशी शाबूत होती.

बाजारात नवी पाटी लागली: ‘विकलेल्या माश्यांत दोष आहे. परत आणा. नवीन मिळेल.’ लोकांना ही विक्रीची युक्ती वाटली. ज्यांनी कधी माशी पाहिली नव्हती तेही येऊन चौकशी करू लागले. मधवाल्याने गंभीरपणे विचारलं की मधात कसला दोष सांगितला तर चालेल? दोन शनिवारांत बावीस माश्या परत आल्या. एका बसचालकाने मात्र आपली द्यायला नकार दिला. ती त्याने समोरच्या काचेवर टोचली होती. म्हणाला, “ही आल्यापासून एकदाही टायर बसला नाही.” एक मुलगी दोन माश्या कानांत घालून हिंडत होती. “आंघोळीला काढून ठेव,” एवढं सांगून मास्तरांनी तिला सोडून दिलं.

उरलेल्यांच्या घरी ते स्वतः जाऊ लागले. ‘नदीवर जाणाऱ्या माणसासाठी’ माशी नेणाऱ्या बाईंचा पत्ता मधवाल्याला माहीत होता. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. बाईंनी दार उघडलं आणि मास्तरांना पाहून ओठांवर बोट ठेवलं, पण आतून आवाज आला, “कोण आहे? आत येऊ दे.”

खिडकीला लागून पलंग होता आणि पलंगावर रुंद खांद्यांचा एक माणूस उशीला टेकून बसला होता. तीस वर्षं त्याने बंदरावर क्रेन चालवली होती. वर्षापूर्वी झटका आला आणि डावी बाजू गेली. उजव्या हाताच्या चिमटीत त्याने मास्तरांची माशी धरली होती, खिडकीच्या उजेडात.

मास्तरांनी दोष समजावून सांगितला. क्रेनवाल्याने ऐकून घेतलं.

“पाण्यात सुटते. ठीक आहे. ही आता पाण्यात जाणार नाही, त्यामुळे आमचं तिचं भांडण नाही. पण हिची शेपूट लांब आहे.”

“तशीच असते.”

“नसते. खरी पाहिलीय का तुम्ही, का चित्रात?”

“चित्रात,” मास्तरांनी कबूल केलं.

“चित्रकाराला कागद भरायचा असतो. बरं, हिला देता केवढ्याला? ही म्हणते तीसला आणली.”

बाई पलंगाच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. काही खूण केली नाही, नुसतं पाहिलं. टेबलावर औषधांच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर कागदाची पट्टी चिकटवून वेळ लिहिलेली होती.

“तीसला,” मास्तर म्हणाले.

“मग तुम्ही खुळे आहात. एवढं बारीक काम तीसला? बुडाल. पन्नासच्या खाली देऊ नका.”

“बघतो,” मास्तर म्हणाले.

“बघू नका, करा. आणि मला एक सांगा, हे बांधायला दोन हात लागतातच का?”

“एका हाताने दोरा ताणून धरावा लागतो, दुसऱ्याने गुंडाळावा लागतो.”

“मी चार टनांची पेटी दोन बोटांनी जहाजात उतरवायचो,” क्रेनवाला म्हणाला. “ताणून धरणारं कुणीतरी द्या, गुंडाळायचं मी बघतो.”

मास्तर कार्यशाळेत परतले आणि दोन संध्याकाळ खपले. कवळीचा वरचा आणि खालचा जबडा नीट मिटतो का हे पाहायला बिजागरीचं एक यंत्र असतं. जुनं एक त्यांनी काढलं, त्यात टाकाऊ कवळीचे दोन्ही जबडे बसवले, वर स्प्रिंग लावली. कळ दाबली की जबडा उघडे, सोडली की दोरा दातांत घट्ट धरून ठेवी. गळ पकडायची छोटी पकड आणि हा जबडा त्यांनी क्रेनवाल्याच्या जेवणाच्या फळीवर शेजारी शेजारी ठोकला. बाईंनी पाहुणे आले की त्यावर झाकायला एक रुमाल काढून ठेवला.

पहिली माशी बांधायला क्रेनवाल्याला चार दिवस लागले आणि ती माशीपेक्षा झाडूसारखी दिसत होती. मास्तर दर दोन-तीन दिवसांनी जात. क्रेनवाला शिव्या देत बांधे, सोडे, पुन्हा बांधे. रविवारी मास्तर न्यायाधीशांबरोबर नदीवर जात. “तुम्ही पाण्याला फटके मारताय,” न्यायाधीशांनी निकाल दिला होता, “मासा काय, नदीसुद्धा पळून जाईल.” हळूहळू मास्तरांचा हात हलका झाला. महिन्यात तीन मासे लागले. बायकोने आता मोजणं सोडून दिलं.

बांधायला लागल्यापासून दहाव्या आठवड्यात क्रेनवाल्याने एक माशी मास्तरांच्या तळहातावर ठेवली. छोटी, करडी, आखूड शेपटीची. मास्तरांनी ती उलटसुलट पाहिली. गाठ त्यांच्यापेक्षा बारीक होती.

“बाजारात ठेवा,” क्रेनवाला म्हणाला. “पाचशे.”

“पाचशे?”

“अडीच तास लागले. एक हात, आणि तोही तीस वर्षांचा अनुभवी. तुम्ही तीसला विकता तो तुमचा मूर्खपणा, माझा नाही.”

मास्तरांना सांगता येईना की आपण नव्वदला विकतो. त्यांनी ती काळ्या अस्तरावर एका कोपऱ्यात टोचली आणि खाली ‘पाचशे’ लिहिलं. लोक यायचे, नव्वदची घ्यायचे, पाचशेच्या पाटीकडे बघून हसायचे. दर शनिवारी संध्याकाळी मास्तर तीन मजले चढून जात. क्रेनवाला विचारी, “गेली?” मास्तर म्हणत, “नाही.” क्रेनवाला म्हणे, “राहू दे मग. तिला कुठे गाडी पकडायचीय?” पण पाचव्या शनिवारी त्याने काहीच विचारलं नाही, आणि फळीवरच्या जबड्यावर पाहुणे नसतानाही रुमाल होता.

“मीच घेऊन टाकतो,” मास्तर त्या दिवशी घरी म्हणाले.

“आणि मग तो दुसरी बांधेल,” बायको म्हणाली. “तीही तुम्हीच घ्याल. डबे कार्यशाळेत नेले तेव्हा कुठे कपाट रिकामं झालंय. आणि त्याला कळलं तर?”

मंगळवारी क्रेनवाल्याच्या बाई कार्यशाळेचा जिना चढून आल्या. त्यांनी घडी घातलेल्या नोटा टेबलावर ठेवल्या. “विकली म्हणून सांगा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही माझ्यासाठी एकदा तीस म्हणालात. आता पाचशे म्हणा.”

मास्तरांच्या हातात कुणाचे तरी पुढचे चार दात होते. ते त्यांनी खाली ठेवले.

“तीस म्हणणं सोपं होतं,” ते म्हणाले. “त्यात खुळा मीच ठरलो, ते नाहीत. यात मात्र त्यांची फसवणूक होईल. एक शनिवार थांबू या?”

“आणि नाही गेली तर?”

“मग पुढचा.”

बाईंनी नोटा उचलल्या. जाताना त्या जिन्यावर एकदा थांबल्याचं मास्तरांना ऐकू आलं, पण त्या परत आल्या नाहीत.

तो शनिवारही तसाच गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी, बाजार उठता उठता, गुडघ्यापर्यंतच्या बुटांवर चिखल वाळलेली एक बाई आली. नमस्कार नाही, चौकशी नाही. ती अस्तरावर वाकली, नव्वदच्या माश्यांवरून नजर फिरवत कोपऱ्यापाशी थांबली.

“ही कुणी बांधली?”

“दुसऱ्या एका माणसाने.”

“वाटलंच. शेपूट बरोबर आहे.” तिने पाचशे मोजून दिले. “तुमच्या सगळ्यांच्या लांब आहेत.”

“हो,” मास्तर म्हणाले. या वेळी ताईने शिकवलं म्हणून नव्हे.

टेबल मधवाल्याच्या भरवशावर टाकून ते निघाले. तीन मजले चढेपर्यंत त्यांना धाप लागली. बाईंनी दार उघडलं. मास्तरांनी आत जाऊन नोटा फळीवर, रुमालाशेजारी ठेवल्या. क्रेनवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. बराच वेळ तिच्याकडेच पाहिलं. तिने दोन्ही रिकामे हात पुढे करून ‘मी नाही’ अशी मान हलवली.

“कोण होता?”

“बाई होती. बुटांना नदीचा चिखल होता. म्हणाली, शेपूट बरोबर आहे.”

क्रेनवाल्याने तोंड खिडकीकडे वळवलं. त्याचा उजवा हात चादरीवर होता. तो दोन बोटं एकमेकांवर घासत होता, जसा दोरा गुंडाळताना घासायचा. बाई उगीचच बाटल्यांची ओळ सरळ करू लागल्या.

“पुढची सहाशेला,” तो शेवटी म्हणाला. “आणि तुम्ही ते तीसचं बंद करा हो. बघवत नाही.”

“कालच नव्वद केले,” मास्तर म्हणाले.

“हां. आता कसं.”

मास्तरांनी जबड्यावरचा रुमाल काढून घडी केली. शर्टाच्या खिशातून स्वतःची एक माशी काढली, पकडीत बसवली, कात्री घेतली आणि फळी पलंगाजवळ ओढली.

“सांगा,” ते म्हणाले, “कुठवर कापू?”